इब्न बतूता : गाड्यांच्या नगरापासून दिल्लीपर्यंत

आफ्रिका खंडाच्या वायव्य टोकाला मोरोक्को हा देश आहे. त्या देशातील टँजिअर या बंदरात फेब्रुवारी १३०४ मध्ये न्यायपंडितांच्या एका घराण्यात मुहम्मद नावाचा मुलगा जन्मला. जग त्याला इब्न बतूता या नावाने ओळखते. त्याच्या घराण्यात अनेक काझी, म्हणजे धर्मशास्त्रानुसार न्यायनिवाडा करणारे अधिकारी, होऊन गेले होते. मुलाचे शिक्षणही त्याच दिशेने झाले. योग्य काय आणि अयोग्य काय हे ठरवून सांगणे हा काझीचा व्यवसाय. पुढे हा मनुष्य ज्या ज्या देशात गेला, तेथे तेथे न्यायाधीशाची ही नजर त्याच्याबरोबर गेली. तिने त्याला अनेकदा संकटात टाकले, आणि तिच्यामुळेच त्याने परक्या लोकांचे रीतिरिवाज इतक्या बारकाईने पाहिले.

१४ जून १३२५ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो मक्केच्या यात्रेसाठी एकटाच घराबाहेर पडला. आईवडील हयात होते. त्यांचा निरोप घेताना त्याला फार जड गेले. वर्ष-दीड वर्षात परत येण्याचा हा प्रवास चोवीस वर्षे लांबला. मक्केची यात्रा पूर्ण झाल्यावर त्याने इराक, इराण, येमेन आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा पाहिला. या काळात दिल्लीच्या सुलतानाची कीर्ती त्याच्या कानांवर आली. मुहम्मद बिन तुघलक परदेशी विद्वानांना मानाने वागवतो, मोठमोठी पदे आणि भरपूर धन देतो, असे लोक सांगत. इब्न बतूताने दिल्लीस जाण्याचे ठरवले.

अरबस्तानातून हिंदुस्थानात येण्याचा सरळ मार्ग समुद्राचा. परंतु जिद्दा बंदरात त्याला मनासारखे जहाज आणि सोबत मिळाली नाही. तेव्हा तो उलट उत्तरेकडे वळला. नकाशा पुढे ठेवून पाहिले तर हा केवढा वळसा होता ते ध्यानात येते. आजच्या तुर्कस्तानातून काळा समुद्र ओलांडून, रशियाच्या दक्षिणेकडील विस्तीर्ण गवताळ मैदानांतून आणि मध्य आशियातून तो सिंधू नदीवर पोहोचला. या वळशामुळेच तुर्की भाषा बोलणाऱ्या भटक्या पशुपालकांचे जीवन त्याला जवळून पाहता आले.

त्याला तुर्की भाषा येत नव्हती. तुर्कस्तानात एकदा त्याच्या सोबत्यांनी तूप मागितले. अरबी भाषेत तुपाला ‘सम्न’ म्हणतात. ज्याला आणावयास पाठवले तो गवताचा पेंढा घेऊन आला, कारण तुर्कीत ‘समन’ म्हणजे पेंढा! आणखी एका गावी, अरबी जाणतो असे सांगणाऱ्या एका पंडिताला त्यांच्यापुढे आणण्यात आले. त्याला अरबीचे एक अक्षरही येत नव्हते. परंतु हे पाहुणे जुनी अरबी बोलतात, मला फक्त नवी येते, असे त्याने गावकऱ्यांना बेधडक सांगितले. गावकऱ्यांनी पाहुण्यांचा अधिकच मान राखला. अशा फजितीच्या गोष्टी इब्न बतूता हसत सांगतो. भाषा येत नसली तरी त्या देशात त्याचे कोठेही अडले नाही. तेथे तरुण कारागिरांची मंडळे होती. दिवसभर मिळवलेला पैसा ते एकत्र करीत आणि संध्याकाळी वाटसरूंना जेवू घालत. एका गावात अशा दोन मंडळांच्या लोकांनी त्याच्या घोड्याचा लगाम धरून आपापसांत भांडण सुरू केले. हे लुटारू असावेत असे वाटून तो घाबरला. पाहुणा कोणाकडे उतरणार यावरून तो तंटा होता. शेवटी चिठ्ठ्या टाकून निवाडा झाला.

१३३२ च्या सुमारास सिनोप बंदरातून काळा समुद्र ओलांडून तो क्रिमियाच्या किनाऱ्यावर उतरला. पुढे किपचाक तुर्कांचा गवताळ प्रदेश पसरलेला होता. झाड नाही, डोंगर नाही, चढउतार नाही. क्षितिजापर्यंत केवळ गवत. सरपण नसल्यामुळे लोक वाळलेले शेण जाळत. गोवऱ्यांवर स्वयंपाक करणाऱ्या आपल्या खेड्यांतील माणसाला यात नवल वाटणार नाही. इब्न बतूताला मात्र याचे फार आश्चर्य वाटले.

या प्रदेशात प्रवास गाडीतून होई. गाडीला चार मोठी चाके असत. घोडे, बैल किंवा उंट ती ओढत. गाडीवर लाकडी पट्ट्यांचा सांगाडा बांधून त्यावर नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेले जाड कापड, पसरत. त्याला जाळीच्या लहान खिडक्या असत. आत बसलेल्यास बाहेरचे सारे दिसे. बाहेरच्यास आतले काही दिसत नसे. गाडी चालू असताना आतला माणूस जेवू शके, झोपू शके, वाचू किंवा लिहू शके. इब्न बतूताने स्वतःसाठी अशी एक गाडी घेतली. या गाडीला तुर्कीत ‘अराबा’ म्हणत. पुढे १५२६ साली पानिपतच्या रणांगणावर बाबराने सैन्यापुढे ज्या गाड्या साखळदंडांसारख्या जोडून उभ्या केल्या, त्यांनाही हेच नाव होते.

हे लोक भाकरी-पोळीसारखे कोरडे अन्न खात नसत. वरीसारखे धान्य पाण्यात शिजवून, त्यात मांसाचे लहान तुकडे घालून, वरून आंबट दूध ओतून ते पीत. घोडीच्या दुधापासून आंबवलेले कुमिस हे त्यांचे आवडते पेय. गोड पदार्थ खाणे ते कमीपणाचे समजत. गोड खाल्लेस तर तुला गुलामीतून मुक्त करीन, असे खानाने एका वृद्ध गुलामाला सांगितले असता, ठार मारले तरी खाणार नाही, असे उत्तर त्याने दिले म्हणे. गुरे राखण्यास गुराखी नसे. चोरी फारशी होत नसे, कारण शिक्षा कडक होती. ज्याच्याकडे चोरीचा घोडा सापडेल त्याने तो परत करून त्यासारखे आणखी नऊ द्यावयाचे. ते जमले नाही तर त्याची मुले काढून घेत, आणि मुलेही नसतील तर त्याचा जीव घेत. श्रीमंती घोड्यांवरून मोजली जाई. हजार घोड्यांमागे नमद्याचा वीतभर तुकडा काठीला बांधून गाडीवर लावण्याची रीत होती. असे दहा दहा तुकडे लावलेल्या गाड्याही त्याने पाहिल्या.

या घोड्यांचा दिल्लीशी थेट संबंध होता. तेथे अगदी थोड्या पैशांत मिळणारे घोडे व्यापारी हजारोंच्या तांड्यांनी हिंदुस्थानात आणत. वाटेत पुष्कळ घोडे मरत, काही चोरीस जात, मुलतानला जकात द्यावी लागे. तरीही भरपूर नफा उरत असे. दिल्लीच्या सैन्याचे बळ बरेचसे या घोड्यांवर उभे होते.

सर्वांत जास्त आश्चर्य त्याला वाटले ते स्त्रियांच्या स्थानाचे. येथे त्याच्यातील काझी दचकलेला दिसतो. सरदारांच्या पत्नी स्वतःच्या गाड्यांतून, स्वतःच्या दासदासींसह फिरत. नवरा उठून त्यांचे स्वागत करी आणि त्यांना आपल्या शेजारी बसवी. ही केवळ धनवंतांची रीत नव्हती. सामान्य व्यापाऱ्याची बायको गाडीतून बाजारात येई, मेंढ्या आणि दूध विकून अत्तरे विकत घेई. तिचा चेहरा उघडा असे. बरोबर आलेला नवरा मेंढीच्या कातड्याचा साधा अंगरखा घातलेला असल्यामुळे पाहणाऱ्याला तो तिचा नोकर वाटे. असे काही इब्न बतूताने आपल्या देशात पाहिले नव्हते आणि ते त्याच्या शिकवणीतही बसत नव्हते. तरीसुद्धा त्याने ते लपवले नाही किंवा त्याची निंदा करीत बसला नाही. जसे दिसले तसे सांगितले. त्या काळच्या किपचाक स्त्रियांच्या जीवनाविषयी जे थोडे लिखित पुरावे आज उपलब्ध आहेत, त्यांत त्याचे हे वर्णन महत्त्वाचे मानले जाते.

या प्रदेशाचा स्वामी उझबेक खान हा चंगीझखानाच्या वंशातील होता. राजघराणे मोंगल, प्रजा आणि सैन्य बहुतांशी तुर्की. काकेशस पर्वताच्या उत्तरेस, उष्ण पाण्याचे झरे असलेल्या पाच टेकड्यांजवळ, इब्न बतूताची आणि खानाच्या छावणीची गाठ पडली. एक संपूर्ण नगरच चालत येत होते. त्यात मशिदी होत्या, बाजार होते, आणि चालत्या गाड्यांवर अन्न शिजत असल्यामुळे स्वयंपाकघरांचा धूर हवेत चढत होता. मुक्कामाची जागा आली की तंबू उतरवून उभारले जात. अशा छावणीला तुर्कीत ‘ओर्दू’ म्हणतात. आपल्याकडील उर्दू भाषेचे नाव याच शब्दातून आले. बेगम, खातून, बहादूर, तोफ, चाकू, कैची हे शब्दही तुर्की भाषेतून निघून फारसीच्या वाटेने आपल्या देशात रुळले.

खानाच्या चार प्रमुख राण्या होत्या. प्रत्येकीची स्वतंत्र छावणी असे. पट्टराणी दरबारात आली की स्वतः खान तंबूच्या दारापर्यंत चालत जाऊन तिचा हात धरून तिला आसनापर्यंत आणी, आणि ती बसल्यावर मग स्वतः बसे. तिसरी राणी बयालून ही कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती सम्राटाची कन्या. इब्न बतूता भेटीस गेला तेव्हा तिने त्याच्या देशाची, प्रवासाची चौकशी केली. तो घरापासून किती दूर आला आहे हे ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आले. ती स्वतःही माहेरापासून फार दूर होती.

बाळंतपणासाठी तिने माहेरी जाण्याची परवानगी मिळवली. इब्न बतूताही तिच्या लवाजम्यात सामील झाला. सरहद्द ओलांडताच तिने आपली फिरती मशीद मागे ठेवली. अजानही बंद झाली. माहेरी पोहोचल्यावर ती परत येणार नाही हे सोबतच्या तुर्कांना कळून चुकले. त्यांनी परतीची परवानगी मागितली आणि तिने त्यांना देणग्या देऊन निरोप दिला. धर्माच्या बाबतीत इतका कडवा असलेला इब्न बतूता तिच्याविषयी एकही कटू शब्द काढत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

परतीच्या वाटेवर कडाक्याचा हिवाळा लागला. अंगात तीन फरचे कोट, दोन विजारी, पायांत एकावर एक तीन जोड! इतक्या कपड्यांमुळे त्याला घोड्यावर चढताही येईना. सोबती त्याला उचलून बसवीत. तोंड धुतले की पाणी दाढीवर गोठे. गोठलेल्या व्होल्गा नदीवरून गाड्या चालवत तो सराय या राजधानीस आला. भटक्यांच्या राज्याची ही राजधानी भव्य होती. सकाळी एका टोकाने निघालेला स्वार दुसऱ्या टोकाला दुपारनंतर पोहोचे. मोंगल, किपचाक, रशियन, ग्रीक, चेर्केस अशा अनेक लोकांचे तेथे वेगवेगळे मोहल्ले होते.

पुढचा मार्ग वाळवंटातून ख्वारिझमला, तेथून बुखाऱ्याला गेला. चंगीझखानाच्या स्वारीला शतक उलटून गेले होते, तरी बुखाऱ्यातील अनेक मशिदी आणि बाजार अजून पडकेच होते. ज्या लोकांच्या गाडीत बसून, ज्यांचे अन्न खाऊन तो आला, त्यांच्या राजांच्या पूर्वजांनी केलेली ही नासधूस होती. इब्न बतूता दोन्ही गोष्टी सांगतो. नखशब येथे तार्माशिरीन खानाच्या छावणीत तो चौपन्न दिवस राहिला. याच भागात त्याच्याबरोबर असलेल्या एका दासीला मुलगी झाली. ही मुलगी शुभ नक्षत्रावर जन्मली असे तो मानी. तान्ह्या मुलीला घेऊन त्याने हिंदुकुश ओलांडला आणि १२ सप्टेंबर १३३३ रोजी तो सिंधूच्या काठी पोहोचला.

सुलतानाला भेटीस जाणाऱ्याने नजराणा नेला की सुलतान त्याच्या अनेक पट परत देतो, ही गोष्ट व्यापाऱ्यांना ठाऊक होती. ते परदेशी पाहुण्यांना उधारीवर माल देत. इब्न बतूतानेही सुमारे तीस घोडे आणि बाणांनी लादलेला उंट असा नजराणा कर्जाने घेतला. मुलतान, हांसी, मसूदाबाद, पालम या मार्गाने तो दिल्लीत आला. आज जेथे विमाने उतरतात तेच हे पालम. त्या वेळी ते एक गाव होते.

सुलतान तेव्हा राजधानीत नव्हता. याच काळात ती तान्ही मुलगी वारली. वजिराने पुढाकार घेऊन पालम दरवाजाबाहेर तिचे दफन केले आणि परदेशी पाहुण्याच्या दुःखात सारे दरबारी सहभागी झाले. तुर्कांच्या मुलखात जन्मलेले ते मूल वर्षाचेही झाले नव्हते.

८ जून १३३४ रोजी सुलतान परतला आणि आजच्या फरिदाबादजवळील तिलपत येथे दोघांची भेट झाली. सुलतानाने त्याचा हात हातात घेऊन फारसीत स्वागत केले. प्रत्येक गोड शब्दाला इब्न बतूता त्याच्या हाताचे चुंबन घेई. असे सात वेळा झाले.

या सुलतानाचे घराणे कोठून आले, हे मुलतानच्या शेख रुक्नुद्दीन यांनी इब्न बतूताला सांगितले होते. सिंध आणि तुर्कस्तान यांमधील डोंगरांत राहणाऱ्या करौना तुर्कांपैकी ते होते. सुलतानाचा पिता गियासुद्दीन तुघलक गरिबीत सिंधमध्ये आला आणि आरंभी एका व्यापाऱ्याचे घोडे सांभाळण्याच्या कामावर राहिला. तोच पुढे १३२० मध्ये दिल्लीच्या तख्तावर बसला. तुघलकाबादचा प्रचंड किल्ला त्याने बांधला. त्याच्या मुलाचा हजार खांबांचा महाल जहाँपनाह या नव्या भागात होता. बेगमपूरजवळील विजय मंडल नावाचे अवशेष त्याच महालाचे असावेत, असे अभ्यासक मानतात. ज्या लोकांना इब्न बतूताने नमद्याच्या तंबूंत पाहिले, त्यांच्यासारख्याच लोकांचे वंशज येथे दगडी तटबंदीआड राज्य करीत होते. तेथे खान उघड्या माळावर राणीच्या स्वागताला उठून उभा राहत होता. येथे महालाच्या दाराशी जल्लाद बसलेले असत. महालाबाहेर प्रेत पडलेले नाही असा दिवस क्वचितच जाई, असे त्याने लिहवून ठेवले आहे.

सुलतानाने त्याला वर्षाला बारा हजार दिनार वेतनावर दिल्लीचा काझी नेमले. त्याला स्थानिक भाषा येत नव्हती आणि त्याचे शिक्षण वेगळ्या न्यायपरंपरेत झालेले होते. म्हणून दोन सहायक दिले गेले. व्यापाऱ्यांचे पंचावन्न हजार दिनारांचे कर्जही सुलतानाने फेडले. पैसा आला तसा इब्न बतूताच्या हातून गेला. पुढे शेख शिहाबुद्दीन नावाच्या एका साधुपुरुषाने सुलतानाला अन्यायी म्हटले आणि त्याबद्दल त्याचा वध झाला. इब्न बतूता त्या शेखाच्या भेटीस गेलेला होता. एवढ्यावरून त्याच्याभोवती पहारा बसला. ज्यांच्यावर असा पहारा बसे, ते बहुधा वाचत नसत. भीतीने त्याने उपास आणि जप सुरू केला. सुटका झाल्यावर त्याने पद सोडले, होते नव्हते ते वाटून टाकले आणि एका फकिराजवळ काही महिने राहिला.

यानंतर सुलतानाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवण्याचे ठरवले. जुलै १३४२ मध्ये तो दिल्लीतून निघाला. अलीगढजवळ लूटमारीत सापडून मरता मरता वाचला. दौलताबादेहून तो नंदुरबारला आला. तेथील मराठी लोकांविषयी त्याने आदराने लिहिले आहे. हे लोक कारागिरीत निपुण आहेत, वैद्यकी आणि ज्योतिष जाणतात, भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात, मद्य पीत नाहीत, नात्यात विवाह करीत नाहीत, असे तो सांगतो. चौदाव्या शतकातील मराठी समाजाचे परक्याच्या डोळ्यांनी पाहिलेले हे चित्र मोलाचे आहे.

पुढे कालिकतच्या किनाऱ्यावर वादळात जहाजे बुडाली आणि सुलतानाचे नजराणे समुद्रात गेले. दिल्लीस परतण्याचे धैर्य त्याला झाले नाही. मालदीव बेटांत तो पुन्हा काझी झाला. तेथील स्त्रिया कमरेवर वस्त्र घेत नसत. तुर्कांच्या मुलखात तो केवळ पाहुणा होता. येथे हाती अधिकार होता, म्हणून त्याने त्यांना अंगभर वस्त्रे नेसण्याचा हुकूम सोडला. कोणीही तो पाळला नाही. श्रीलंका, बंगाल, सुमात्रा आणि चीन असा प्रवास करून, महामारीने उजाड होत चाललेल्या प्रदेशांतून, तो १३४९ मध्ये मोरोक्कोला परतला. आई त्याच महामारीत गेली होती.

मोरोक्कोच्या सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने आपला सारा वृत्तान्त इब्न जुझय्य या लेखकाला सांगितला. १३५५ च्या अखेरीस ग्रंथ पुरा झाला. ‘रिहला’, म्हणजे प्रवास, या नावाने तो प्रसिद्ध आहे. बुखाऱ्यातील टिपणे चाच्यांनी लुटून नेली होती. पुष्कळसे स्मरणातून सांगावे लागले. त्यामुळे तारखांचा घोळ आहे. व्होल्गाकाठच्या बुल्गार शहराला जाऊन आल्याचे तो सांगतो, पण तेवढ्या दिवसांत ते अंतर कापणे शक्य नव्हते, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. माणसे विकत घेणे आणि वाटेत सोडून देणे यात त्याला काही गैर वाटले नाही. दासींचा उल्लेख तो सामानासारखा करतो. ही त्याच्या ग्रंथातील उणी बाजू वाचकाला जाणवल्यावाचून राहत नाही.

१३६८ किंवा १३६९ मध्ये, मोरोक्कोतच काझीचे काम करीत असताना, तो मरण पावला. १३९५ मध्ये तैमूरने सराय शहर उद्ध्वस्त केले. तीन वर्षांनी, १३९८ मध्ये, तोच तैमूर दिल्लीवर चालून आला आणि त्याने ती लुटली. रिहलाची हस्तलिखिते उत्तर आफ्रिकेतील ग्रंथसंग्रहांत शतकानुशतके पडून होती. एकोणिसाव्या शतकात अल्जीरियात सापडलेल्या प्रतींवरून दोन फ्रेंच विद्वानांनी १८५३ ते १८५८ या काळात संपूर्ण ग्रंथ चार खंडांत छापला. तेव्हापासून उझबेक खानाच्या गाड्या आणि तुघलकांची दिल्ली यांविषयी लिहिणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला या काझीची साक्ष काढावी लागते.